छपाईच्या वाटेवरची उघडी फोल्डरं

विंडोजच्या सी ड्राइव्हवर ‘प्रोग्रॅमडेटा’ नावाचं एक फोल्डर असतं. विंडोज ते मुद्दाम लपवून ठेवतं, त्यामुळे वर्षानुवर्षं संगणक वापरणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ते कधी पाहिलेलंही नसतं. एकाच संगणकावर चारजण आपापल्या नावानं लॉगिन करत असतील, तर त्या चौघांना सामायिक लागणारी माहिती निरनिराळे प्रोग्रॅम इथे ठेवतात. रिको कंपनीचा प्रिंटर जोडला की त्याचा ड्रायव्हर इथेच ‘रिको_डीआरव्ही’ या नावानं बिऱ्हाड थाटायचा. आत ड्रायव्हरच्या आवृत्तीचं एक फोल्डर, त्याच्याही आत दोन फोल्डरं, आणि तळाशी डीएलएल प्रकारच्या डझनभर फाइली. नावं अगदी निरुपद्रवी: वॉटरमार्क, बॉर्डरलाइन, कलरबॅलन्स, हेडरफूटर. पानामागे फिकट अक्षरांत ‘गोपनीय’ उमटवायचं, कडेनं रेघ मारायची, रंग थोडा इकडेतिकडे करायचा, असली फुटकळ कामं करणाऱ्या.

पेंटाग्रिड या स्वित्झर्लंडमधल्या सुरक्षा-तपासणी करणाऱ्या कंपनीला २०१९ साली दिसलं, की या फाइलींवर ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ अशी परवानगी लावलेली आहे. म्हणजे संगणकावर खातं असलेला कोणीही त्या फाइली उघडू शकत होता, पुसू शकत होता, त्यांच्या जागी त्याच नावाची आपली फाइल ठेवू शकत होता. एवढंच असतं तर फार बिघडलं नसतं. पण प्रिंटर जोडताना याच फाइली उचलून चालवणारा जो विंडोजचा प्रोग्रॅम होता, तो ‘सिस्टिम’ या खात्याच्या अधिकारानं चालत होता.

विंडोजमध्ये अधिकारांच्या पायऱ्या असतात. साधा वापरकर्ता आपली कागदपत्रं लिहितो, आपला डेस्कटॉप सजवतो. दुसऱ्याच्या फाइली पाहणं, सगळ्यांसाठी प्रोग्रॅम बसवणं किंवा अँटिव्हायरस बंद करणं त्याला जमत नाही. अ‍ॅडमिनला जमतं. आणि ‘सिस्टिम’ हे तर कुणा माणसाचं खातंच नव्हे. त्याला पासवर्ड नाही, त्या नावानं लॉगिनच्या पडद्यावरून आत येता येत नाही. संगणक सुरू झाल्यापासून पडद्याआड चालणाऱ्या विंडोजच्या सेवा त्या नावानं चालतात, आणि त्या यंत्रावर त्याला अडवेल असं फारसं काही नसतं. खालच्या पायरीवरच्यानं परवानगीवाचून वरच्या पायरीवर जाणं, याला संगणक-सुरक्षेतली माणसं ‘प्रिव्हिलेज एस्कलेशन’ म्हणतात. आपण अधिकारवाढ म्हणू.

अशा त्रुटीबद्दल एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: चोर आधीच घरात असेल तर मग आतल्या कपाटाच्या कुलपाचं काय एवढं? ऐकायला हे पटतं, पण आजचे हल्ले टप्प्याटप्प्यानं होतात. लेखा विभागातल्या कारकुनानं ईमेलमधलं खोटं बिल उघडलं, की हल्लेखोराला मिळतात ते त्या कारकुनाचे अधिकार, त्याहून जास्त काही नाही. संस्थेनं नीट काळजी घेतली असेल, सगळ्यांना साधी खाती दिली असतील, तर घोडं तिथेच अडतं. ते पुढे सरकण्यासाठी दुसरी त्रुटी लागते, आणि ती त्याच संगणकावर मिळाली की चित्र पालटतं. ‘सिस्टिम’ झालेला हल्लेखोर अँटिव्हायरस झोपवतो, त्या संगणकावर पूर्वी लॉगिन केलेल्या अ‍ॅडमिनच्या पासवर्डांच्या खुणा स्मृतीतून काढतो आणि त्यांच्या जोरावर शेजारच्या सर्व्हरवर उडी मारतो. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या टोळ्यांना ही मधली पायरी फार लागते.

आता प्रश्न असा, की पानामागे ‘गोपनीय’ छापणाऱ्या फाइलीला विंडोजच्या सर्वोच्च खात्यापर्यंत पोचायची गरजच काय?

उत्तर छपाईच्या जुन्या रचनेत आहे. आपण ‘प्रिंट’ दाबतो तेव्हा आपलं पान थेट प्रिंटरकडे जात नाही, ते ‘स्पूलर’ नावाच्या सेवेकडे जातं. एका प्रिंटरवर दहाजण छापणार, त्यांची रांग लावायची, कागद संपला तर थांबून राहायचं, पाठवणारा लॉगआउट करून घरी गेला तरी त्याचं पान वाऱ्यावर सोडायचं नाही; ही सगळी स्पूलरची कामं. तो कुणा एकाचा नोकर नाही, म्हणून तो संगणक सुरू होताच ‘सिस्टिम’च्या नावानं उभा राहतो. शिवाय प्रत्येक प्रिंटरची भाषा वेगळी, त्यामुळे दुभाष्या म्हणून प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर लागतो. तो दुभाष्या स्पूलरच्या पोटात शिरून काम करतो. मायक्रोसॉफ्टनं न लिहिलेला, मायक्रोसॉफ्टनं ओळीओळीनं न तपासलेला कोड असा विंडोजच्या सर्वात विश्वासाच्या जागेत येऊन बसतो.

एके काळी तर याहून धीट प्रकार होता. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये प्रिंटरचे ग्राफिक्स ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालत. तिथे ड्रायव्हर अडखळला की पूर्ण संगणक निळा पडदा दाखवून मान टाकायचा. व्हिस्टापासून ही मुभा बंद झाली. पुढे विंडोज ७ मध्ये, २००९ साली, आणखी एक सोय आली: ड्रायव्हर स्पूलरच्या पोटात न चालवता ‘प्रिंट आयसोलेशन होस्ट’ नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये चालवायचा, म्हणजे एका कंपनीचा ड्रायव्हर कोसळला तरी सगळ्या प्रिंटरांची रांग बंद पडायला नको. नावात ‘आयसोलेशन’ आहे म्हणून ही सुरक्षेची तटबंदी असेल असं वाटतं. तसं नव्हतं. हेतू छपाई अखंड चालू ठेवण्याचा होता, आणि हा वेगळा प्रोग्रॅमही ‘सिस्टिम’च्याच अधिकारानं चालत राहिला.

सरकारी कचेरीत ट्रेमधल्या प्रत्येक कागदावर न वाचता सही ठोकणारे साहेब असावेत, आणि तो ट्रे साहेबांच्या केबिनमध्ये न ठेवता बाहेर व्हरांड्यात ठेवलेला असावा, तशी रिकोची अवस्था होती. साहेबांची सही अस्सल, ट्रेही कचेरीचाच. मधल्या वेळात कागद कुणी बदलला हे पाहणारं कोणी नव्हतं.

यात ‘मधला वेळ’ हा भाग खरोखर पाहण्यासारखा आहे. संगणकावर ड्रायव्हर आधीच बसवलेला असेल, तर त्या ड्रायव्हरचा आणखी एक प्रिंटर यादीत घालायला विंडोज साध्या वापरकर्त्यालाही परवानगी देतं. तेवढ्यासाठी विंडोजबरोबर ‘प्रिंटमॅनेजर’ची छोटी स्क्रिप्टसुद्धा येते. प्रिंटर घातला, की ड्रायव्हर आपल्या डीएलएल फाइली त्या उघड्या फोल्डरमध्ये मांडतो आणि लगेच आयसोलेशन होस्ट त्या उचलून चालवतो. मांडणं आणि उचलणं यांत निमिषाचं अंतर पडतं. हल्लेखोराचा छोटा प्रोग्रॅम फोल्डरवर डोळा ठेवून बसतो आणि फाइल दिसताक्षणी तिच्या जागी आपली दडपतो. वेळ साधली तर त्याचा कोड ‘सिस्टिम’ म्हणून चालतो. हुकली तर? प्रिंटर यादीतून काढायचा, पुन्हा घालायचा. या चुकीची किंमत मोजावी लागत नाही, कुणाचं खातं बंद होत नाही, पडद्यावर इशारा येत नाही. तपासनीस मंडळी वापरतात त्या ‘मेटास्प्लॉइट’ संचात या त्रुटीसाठी पुढे जे अवजार आलं, त्याच्या वर्णनातच लिहून ठेवलं आहे की हे वेळेचं गणित असल्यामुळे कदाचित अनेकदा चालवावं लागेल. त्यात लक्ष्य केलेली फाइल होती वॉटरमार्क.

त्रुटीला सीव्हीई-२०१९-१९३६३ असा क्रमांक मिळाला, जानेवारी २०२० मध्ये ती जाहीर झाली, रिकोनं दुरुस्त ड्रायव्हर काढले. एका कंपनीची एक चूक म्हणून प्रकरण तिथे संपलं असतं, पण दीड वर्षात आणखी दोन कंपन्यांकडे जवळजवळ तीच चूक निघाली.

लेक्समार्कच्या ‘युनिव्हर्सल’ ड्रायव्हरनं प्रोग्रॅमडेटामध्ये एक साधी मजकूर-फाइल ठेवली होती. कुठली डीएलएल उचलायची, हे त्या फाइलीत लिहिलेलं असे. डीएलएल सुरक्षित जागी होती, पण तिचा पत्ता सांगणारी फाइल कोणालाही खोडता येत होती. पत्ता बदलला की काम झालं. कॅननच्या टीआर१५० या छोट्या, सोबत नेता येणाऱ्या प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये रिकोसारखाच प्रकार होता: उघडं फोल्डर आणि वेळेची शर्यत. तिथे ज्या डीएलएलवर घाव घातला गेला ती ‘०४०सी’ नावाच्या उपफोल्डरात होती. विंडोजच्या भाषा-क्रमांकांत ०४०सी म्हणजे फ्रेंच. ड्रायव्हरच्या खिडकीतल्या बटणांवर फ्रेंच मजकूर दाखवण्यासाठी ठेवलेली फाइल, आणि तिच्यातून माणूस संगणकाचा मालक होतो! जगातल्या ज्या कार्यालयात फ्रेंचचं एक अक्षर कुणी वाचत नाही, तिथेही ती ठेवलेलीच.

तीन मोठ्या कंपन्या एकाच खड्ड्यात का पडतात? माझा अंदाज असा, की यामागे कुणाचा आळस किंवा अडाणीपणा नाही, रोजच्या कामातला एक सोपा मार्ग आहे. ड्रायव्हरचा अर्धा भाग ‘सिस्टिम’ म्हणून चालतो आणि दुसरा अर्धा, म्हणजे ‘दोन्ही बाजूंनी छापा’, ‘काळ्या शाईतच छापा’ वगैरे विचारणारी खिडकी, साध्या वापरकर्त्याच्या अधिकारात चालते. दोघांना एकच फोल्डर वापरायचं असतं. चाचणीत खिडकीला ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आलं, की नेमकी कुणाला कशाची परवानगी हवी याचा विचार करत बसण्यापेक्षा सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकणं हा पाच मिनिटांचा उपाय. पान छापून आलं, चाचणी पास झाली, सीडी बाजारात गेली. प्रिंटर विकणाऱ्या कंपनीचं नाव पान छापलं गेलं नाही तर खराब होतं. फोल्डरच्या परवानग्यांबद्दल ग्राहक दुकानात येऊन भांडत नाही.

छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना कोड किती चिवटपणे टिकतो, याचा नमुना २०२१ मध्ये मिळाला. सेंटिनेलवन या सुरक्षा कंपनीतले लोक एचपीचा नवाकोरा प्रिंटर जोडत होते. संगणकावर काय काय घडतं यावर नजर ठेवणारा एक प्रोग्रॅम चालू होता, आणि त्यानं सूचना दिली की ‘एसएसपोर्ट.सिस’ नावाचा ड्रायव्हर आत्ताच बसला. हा ड्रायव्हर २००५ चा होता. प्रिंटरचा सेटअप अर्ध्यावर रद्द केला तरी तो संगणकावर बसायचा, त्यानंतर दर वेळी संगणक सुरू होताना आपोआप चालू व्हायचा, प्रिंटर जोडलेला असो वा नसो. आणि तो थेट कर्नलमध्ये चालत होता. व्हिस्टानं प्रिंटरच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांना गाभ्यातून बाहेर काढलं होतं, पण हा ग्राफिक्सचा नव्हता, त्यामुळे त्याला तो नियम लागू नव्हता.

त्रुटी पाहिली तर हसावं की रडावं कळत नाही. वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमकडून आलेली अक्षरं ड्रायव्हर आपल्या ठरावीक मापाच्या जागेत उतरवून घेत होता. उतरवून घेण्यासाठी सी भाषेतलं जे फंक्शन वापरलं होतं ते मुळात काळजी घेणारं: किती अक्षरांपर्यंत जायचं याची मर्यादा त्याला सांगावी लागते. ती मर्यादा सांगितलीही होती. फक्त ती पाठवणाऱ्यालाच विचारून घेतली होती. तो म्हणाला हजार, तर हजार. जागा तेवढी नसेल तर उरलेली अक्षरं शेजारच्या स्मृतीवर सांडणार, आणि ती शेजारची स्मृती विंडोजच्या गाभ्याची.

त्या ड्रायव्हरमध्ये आणखी एक खूण सापडली. ‘धिस स्ट्रिंग इज फ्रॉम डिव्हाइस ड्रायव्हर’ असं एक निरर्थक वाक्य त्यात जसंच्या तसं कोरलेलं होतं. ड्रायव्हर कसे लिहावेत हे शिकवण्यासाठी मायक्रोसॉफ्ट जे नमुने प्रसिद्ध करते, त्यांतल्या एका नमुन्याशी या ड्रायव्हरचं काम हुबेहूब जुळत होतं, आणि मूळ नमुन्यात ही त्रुटी नव्हती. म्हणजे शिकवणीच्या वहीतलं उदाहरण घेऊन त्यात थोडी भर घातली, आणि ते १६ वर्षं लोकांच्या संगणकांत चालत राहिलं. एचपी आणि सॅमसंगची मिळून ३८० हून जास्त मॉडेलं आणि झेरॉक्सची किमान डझनभर, एवढ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती एक फाइल होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये कळवल्यावर एचपीनं मे महिन्यात दुरुस्ती काढली. सीव्हीई-२०२१-३४३८ हा या त्रुटीचा क्रमांक. कुणी तिचा प्रत्यक्ष गैरवापर केल्याचा पुरावा सेंटिनेलवनला मिळाला नाही.

दुरुस्ती आली म्हणजे धोका गेला, असं साधारणपणे आपण धरून चालतो. छपाईच्या बाबतीत हे गृहीतक मोडून काढलं जेकब बेन्स या संशोधकानं. लेक्समार्क आणि कॅननच्या त्रुटी त्यानंच शोधलेल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये लास व्हेगासच्या डेफकॉन परिषदेत त्यानं जे मांडलं ते थोडक्यात असं: समोरच्या संगणकावर रिकोचा सदोष ड्रायव्हर नसेल तर तो मी घेऊन येतो.

विंडोज कुठलाही ड्रायव्हर बसवण्याआधी त्यावरची डिजिटल सही तपासतं. सही सांगते की हा ड्रायव्हर खरोखर रिकोचा आहे आणि वाटेत कुणी त्यात फेरफार केलेला नाही. तो चांगला लिहिला आहे की वाईट, याबद्दल सही काही बोलत नाही. २०१९ चा सदोष ड्रायव्हर २०२१ मध्येही रिकोचाच होता आणि त्यावरची सहीही खरी होती. त्यात भर म्हणजे विंडोजची तेव्हाची ‘पॉइंट अँड प्रिंट’ ही सोय. ऑफिसच्या नेटवर्कवरच्या सामायिक प्रिंटरवर क्लिक केलं, की लागणारा ड्रायव्हर सर्व्हरवरून आपोआप उतरून बसायचा, अ‍ॅडमिनला बोलवावं लागत नसे. बेन्सनं आपलाच एक सर्व्हर उभा केला, त्यावर जुन्या सदोष ड्रायव्हरचा एक खोटा प्रिंटर मांडला, आणि साध्या खात्यातून विंडोजला त्याच्याशी जोडलं. विंडोजनं सही पाहिली, ड्रायव्हर उतरवून घेतला आणि बसवला. त्यानंतर फक्त जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली, कागदोपत्री केव्हाच मिटलेली त्रुटी वापरायची. खोटं असं त्यात फारसं काही नव्हतं. प्रिंटर सोडला तर सगळं अस्सल.

तो उन्हाळा मायक्रोसॉफ्टसाठी आधीच वाईट चालला होता. स्पूलरमधली ‘प्रिंटनाइटमेअर’ ही त्रुटी जूनअखेर चुकून वेळेआधी उघड झाली होती आणि ६ जुलैला कंपनीला नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर जाऊन दुरुस्ती सोडावी लागली होती. तिच्यातही मूळ कळ हीच होती: ड्रायव्हर बसवण्याचं काम स्पूलर कुणाच्या सांगण्यावरून करतो? बेन्सनं कळवलेली त्रुटी १५ जुलैला जाहीर झाली, आणि १० ऑगस्ट २०२१ च्या दुरुस्तीपासून विंडोजनं पवित्रा बदलला. प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला यापुढे अ‍ॅडमिनच लागेल.

त्याचा त्रास सोसला तो ऑफिसांतल्या संगणक विभागांनी. काल चालणारा प्रिंटर आज अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागू लागला. शेवटी काही ठिकाणी वैतागून रजिस्ट्रीतली एक नोंद शून्य करून जुनी मुभा परत चालू केली गेली. मायक्रोसॉफ्टनं ही नोंद दिली होती आणि ती वापरू नका असंही बजावलं होतं. पण महिनाअखेरीला पगारपत्रकं छापायची असतात तेव्हा अशा सूचना कोण वाचतो!

ड्रायव्हर हा छपाईच्या सॉफ्टवेअरचा एक भाग झाला. विद्यापीठांत आणि मोठ्या कार्यालयांत कुणी किती पानं छापली याचा हिशेब ठेवणारी सॉफ्टवेअरंही असतात. मेलबर्नच्या पेपरकट कंपनीचं असंच एक सॉफ्टवेअर एप्रिल २०२३ मध्ये चर्चेत आलं. पहिल्यांदा बसवून झाल्यावर जे ‘सेटअप पूर्ण झाला’ असं सांगणारं पान येतं, ते पुढे केव्हाही उघडता येत होतं आणि उघडणाऱ्याला पासवर्डशिवाय अ‍ॅडमिन करून टाकत होतं. हिशेबाचा सर्व्हर ‘सिस्टिम’च्या अधिकारानं चालत असल्यामुळे पुढचं सोपं होतं. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, ज्यांनी ती लावली नव्हती त्यांच्यावर क्लॉप आणि लॉकबिट या खंडणीखोर टोळ्यांच्या माणसांनी हात मारला. इथे तर आधी संगणकावर खातं असण्याचीही गरज नव्हती, म्हणून हा प्रकार अधिकारवाढीच्या पलीकडचा. पण पानं मोजणाऱ्या प्रोग्रॅमला एवढे अधिकार कशाला, हा प्रश्न तोच.

मायक्रोसॉफ्टनं अखेर या प्रश्नाला मुळापासून हात घातला. विंडोजबद्दल कंपनीकडे येणाऱ्या सुरक्षा-तक्रारींपैकी ९ टक्के छपाईशी संबंधित असतात, असं तिनं २०२३ च्या डिसेंबरमध्ये स्वतःच सांगितलं. त्याआधी सप्टेंबरमध्ये तिनं जाहीर केलं होतं, की प्रिंटर कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्यानं थांबवलं जाईल. २०२७ पासून त्या वाटेनं सुरक्षेच्या दुरुस्त्यांखेरीज काही जाणार नाही. त्यांच्या जागी आयपीपी या प्रमाणित भाषेत बोलणारा विंडोजचा एकच ड्रायव्हर. हे काही नवल नाही. मोबाइलवरून आपण वायफायच्या प्रिंटरला पान पाठवतो तेव्हा कुठल्याही कंपनीचा ड्रायव्हर बसवत नाही. अ‍ॅपलचं एअरप्रिंट २०१० पासून हेच करतं आहे, आणि अँड्रॉइडसाठी कॅनन, एचपी, सॅमसंग, झेरॉक्स यांनी मिळून २०१३ मध्ये मोप्रिया ही संघटना काढली ती यासाठीच. म्हणजे प्रिंटरांना ही भाषा केव्हाची येते. डेस्कटॉपवर जुनी वहिवाट चालू होती, इतकंच.

विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून ‘प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ मिळतो. तो चालू केला की प्रिंटर कंपन्यांचा कोड आत घेतलाच जात नाही, आणि छपाईचं बरंचसं काम ‘सिस्टिम’ऐवजी अधिकार काढून घेतलेल्या वेगळ्या प्रक्रियेत होतं. हा बदल मला ड्रायव्हरबंदीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. व्हरांड्यातला कागद कुणी बदललाच, तरी आता त्यावर साहेबांची सही होत नाही. मात्र हा मोड आपण होऊन चालू करावा लागतो, आणि मोप्रियाचं प्रमाणपत्र नसलेले प्रिंटर त्यात चालत नाहीत. जुने लेझर, पावत्या छापणारे डॉट मॅट्रिक्स, बारकोडची लेबलं काढणारी यंत्रं यांना आयपीपीची भाषा सहसा येत नाही. ती आहेत तोवर त्यांचे ड्रायव्हरही राहणार. कंपनीच्या संकेतस्थळावरून ते उतरवून बसवायला बंदी नाही.

आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांची या सगळ्यात गंमतच आहे. परीक्षेचे फॉर्म, आधारच्या प्रती, सातबारे, दिवसभर शंभर जणांचे पेनड्राइव्ह एकाच संगणकात जातात. धोका म्हणाल तर तिथे सर्वात जास्त. पण अशा बहुतेक संगणकांवर एकच खातं असतं आणि ते अ‍ॅडमिनचं असतं. तिथे अधिकारवाढीची त्रुटी हल्लेखोराला लागतच नाही, चढायला पायरीच उरलेली नसते. ही त्रुटी चावते ती जिथे नीट व्यवस्था आहे तिथे: बँकेची शाखा, महाविद्यालयाची प्रयोगशाळा, रुग्णालयाचा नोंदणी कक्ष. जिथे कुणीतरी विचार करून साधी खाती दिली आहेत, आणि ती मेहनत एका उघड्या फोल्डरनं पाण्यात जाऊ शकते.

अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना एक गोष्ट पुष्कळदा माहीत नसते. जुना प्रिंटर भंगारात गेला, यादीतून त्याचं नाव काढलं, तरी त्याचा ड्रायव्हर संगणकावर राहतो. सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’च्या पानावरून ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ उघडून ‘ड्रायव्हर्स’ या टॅबवर गेलं की यादी दिसते. दोन प्रिंटर असलेल्या संगणकावर तिथे गेल्या दहा वर्षांत येऊन गेलेल्या सगळ्या यंत्रांची नावं असू शकतात. अ‍ॅडमिनला तिथून ती काढता येतात. काढताना विंडोज विचारतं: फक्त ड्रायव्हर काढू, की ड्रायव्हर आणि त्याचं पॅकेज दोन्ही? दुसरा पर्याय निवडायचा. पहिल्यानं पॅकेज विंडोजच्या कोठारात तसंच राहतं, आणि कोठारात असलेला ड्रायव्हर पुन्हा बाहेर काढणं बाहेरून नवा आणण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं.